दिव्यामागची वायर

जुनी जीप घेताना माणसं इंजिनाचा आवाज ऐकतात, टायरची नक्षी किती उरली ते बघतात, खाली वाकून चासीचा गंज तपासतात. बॉनेट उघडून वायरिंगवर टॉर्च मारणारं गिऱ्हाईक विरळा. माझ्या मते आधी तेच पाहावं. इंजिन बिघडायचं झालं तर त्याचा आवाज बदलतो, धूर येतो, ते आधी कळवतं. पॅनेलच्या आड पत्र्याच्या कडेवर घासत असलेली वायर काहीच कळवत नाही. तिचं तांबं उघडं पडून पत्र्याला टेकलं की बॅटरीतला करंट त्या एका ठिकाणी धावतो, आणि मध्ये फ्यूज नसेल तर वायर लाल होऊन आजूबाजूचं प्लास्टिक पेटवते.

सड्यांवरच्या वनस्पतींच्या नोंदी करणं हे माझं काम. सडा म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावरचं जांभ्या दगडाचं पठार. उन्हाळ्यात काळाठिक्कर, भाजलेला. पावसाळ्यात त्याच दगडावर बोटभर मातीत गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू उगवतात, कड्याच्या गवतात कंदीलपुष्पं लटकतात. हा सगळा कारभार जून ते ऑक्टोबर. म्हणजे गगनबावडा-आंबोलीकडे जेव्हा समोरचा रस्ता दिसत नाही, नेमके तेच आमचे कामाचे दिवस. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्या पावसात डांबरी रस्ता सोडून बैलगाडीच्या वाटेने शेवटच्या वस्तीपर्यंत जाणारी गाडी लागते. (सड्यावर मात्र गाडी घालायची नाही. बोटभर मातीवरून एकदा चाक गेलं की तिथला गेंद पुढे कित्येक वर्षं दिसत नाही. गाडी वस्तीत, पुढे पायी.) म्हणून मी जुनी थार घेतली, २०२० च्या नव्या अवताराच्या आधीची, कापडी टपाची, सीआरडीई म्हणजे कॉमन रेल इंजिनाची.

आधीच्या मालकाने शहरातल्या एका ॲक्सेसरीच्या दुकानात तिला सजवून घेतलं होतं. टपावर दिव्यांची पट्टी, बंपरवर दोन दिवे, मागे एक, मोबाइल चार्जिंगची तीन छिद्रं, मोठा हॉर्न. दिसायला भारदस्त. बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या अधिक टोकाखाली वायरींचा गुंताच दाबून बसवलेला. घरात वापरतात ती वायर, जोड पिळून वरून काळी टेप, आणि इंजिनाच्या उष्णतेने त्या टेपचा डिंक विरघळून ती सुटलेली. फायरवॉलच्या पत्र्याला भोक पाडून वायर थेट आत घेतलेली, कडेला रबरी ग्रोमेट नाही. कुठेही फ्यूज नाही. अशा गाड्या रस्त्यावर किती फिरत असतील याचा विचार आला की अजूनही अस्वस्थ वाटतं, कारण त्यांत बसलेल्या माणसांनी पैसे मोजून तो धोका घेतलेला असतो आणि त्यांना तो ठाऊकही नसतो.

जुन्या महिंद्रा जिपांच्या काळात हे कसंबसं खपून जायचं. प्यूजोच्या डिझेल इंजिनावर चालणाऱ्या त्या गाड्यांत डिझेलचा पंप पूर्णपणे यांत्रिक होता. एकदा इंजिन सुरू झालं की बॅटरी मेली, वायरिंग जळलं, तरी गाडी घरापर्यंत यायची. उतारावर ढकलून पुन्हा सुरूही व्हायची. कॉमन रेल इंजिनाला ती मुभा नाही. इंजेक्टर विजेवर उघडतात, कधी उघडायचे ते संगणक ठरवतो. त्याचा करंट तुटला की गाडी जागेवर थांबते, मग ती घाटाच्या वळणावर असो की ओढ्यात. टपावरच्या दिव्यासाठी मारलेला एक कच्चा जोड सगळी गाडी बंद पाडू शकतो. नव्या जिपेत हौसेचं वायरिंग जास्त काळजीने करायचं ते यासाठी.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक वयस्कर इलेक्ट्रिशियन आहेत. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात, मी चाचा म्हणते. गाडी त्यांच्याकडे सोडून संध्याकाळी घेऊन जायची, असं मला करायचं नव्हतं. रानात गाडी बंद पडेल तेव्हा चाचा शेजारी नसतील, म्हणून काम मी करणार आणि ते दाखवणार, असं आमचं ठरलं. पहिल्या दिवशी त्यांनी मला काही जोडूच दिलं नाही. नुसतं काढायला लावलं. दुकानदाराने घातलेली प्रत्येक वायर उलट दिशेने शोधत जायची, कंपनीच्या वायरीवर जिथे तिने दात रोवलेत ती जागा स्वच्छ करायची, नीट बंद करायची. संध्याकाळपर्यंत गाडी कारखान्यातून निघाली तशी उघडी झाली आणि बाजूला वायरींचा ढीग पडला.

काढता काढता एक गोष्ट मापात धरता आली. हेडलाइट मंद आहेत ही तक्रार आधीपासून होती आणि सगळ्यांचा सल्ला एकच, जास्त वॅटचे बल्ब घाल. चाचांनी मल्टिमीटर हातात दिला. इंजिन चालू, हेडलाइट चालू, आणि बॅटरीवर १३.८ व्होल्ट. बल्बच्या कपलरवर तेच ११.९. जवळपास दोन व्होल्ट वाटेत हरवलेले. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगाने पडतो. व्होल्टेज दहा टक्के घसरलं की उजेड साधारण तीस टक्के जातो. माझ्या गाडीचा चाळीसेक टक्के उजेड रस्त्यावर पडण्याआधीच संपत होता. दोष दोन जागी निघाला. एक, मूळ वायर सोलून तिच्यावर दुसरी गुंडाळली होती तो जोड. दुसरा, हेडलाइटची अर्थ: रंगवलेल्या पत्र्यावर स्क्रू मारलेला, खाली गंज. जोड दुरुस्त केला, अर्थची जागा पांढऱ्या पत्र्यापर्यंत घासली, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला, वरून ग्रीस. कपलरवर १३.३ आले. नवा दिवा एकही न घेता रस्ता दिसायला लागला.

इथे एक सांगायलाच हवं, कारण शिकणाऱ्याची इथे फसगत होते. मल्टिमीटर ‘पीं’ करून वाजला म्हणजे वायर चांगली, असं नाही. वीस तारांपैकी एकच शाबूत असली तरी तो वाजतो. त्या एका तारेतून मीटरचा इवलासा करंट जाईल, बल्बचे पाच अँपिअर जाणार नाहीत. म्हणून तपासणी नेहमी भार चालू ठेवून करायची: दिवा पेटता हवा, पंप चालता हवा, आणि मीटरची एक टोकणी बॅटरीच्या अधिक टोकावर, दुसरी दिव्याच्या अधिक टोकावर. मीटरवर जो आकडा येईल तेवढे व्होल्ट ती वायर खाते आहे. पुढे तसंच वजा बाजूला. गाडीच्या वायरिंगचे निम्मे आजार वजा बाजूला असतात आणि तिकडे कुणी बघत नाही.

मग नव्याने जोडणी. चाचांचं एक वाक्य मी वहीत पहिल्या पानावर लिहिलंय, “ताई, दिवा बारका असला तर चालतंय, वायर बारकी नाही चालत.” विहिरीपासून शेताच्या टोकापर्यंत बारीक पाइप टाकला तर मोटर कितीही मोठी असो, टोकाला धार येत नाही, बारा व्होल्टच्या कामात अगदी तेच होतं. घरात २३० व्होल्टांपैकी दीड व्होल्ट वाटेत गेले तर कुणाला पत्ता लागत नाही. गाडीत बारातले दीड गेले तर पंप धापा टाकतो. माझा हवेचा पंप २५ अँपिअर ओढतो आणि मागच्या बाकाखाली बसतो, म्हणजे जाऊन-येऊन आठेक मीटर वायर. अडीच चौरस मिलिमीटरची वायर घातली असती तर दीड व्होल्ट तिथेच संपले असते आणि वायर गरम झाली असती. दहा चौरस मिलिमीटरची घातली, घट चार दशांश व्होल्टच्या आत आली. वायरही गाडीचीच घेतली. घरगुती वायरीचं आवरण इंजिनाच्या उष्णतेसाठी आणि डिझेल-ऑइलच्या शिंतोड्यांसाठी बनवलेलं नसतं, कडक होऊन तडकतं.

फ्यूजबद्दलचा समज तर जवळपास सगळ्यांचाच उलटा असतो. फ्यूज दिव्याला वाचवतो असं वाटतं. फ्यूज वायरीला वाचवतो. म्हणून तो दिव्याजवळ बसवून उपयोग नाही, बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा. बॅटरी ते फ्यूज एवढा तुकडा उघड्यावर असतो आणि त्याला कुणी राखणदार नाही, म्हणून तो जितका आखूड तितका चांगला. आणि फ्यूज किती अँपिअरचा, हे वायर किती जाड त्यावर ठरतं. फ्यूज सारखा उडतो म्हणून दहाच्या जागी तीसचा घालणारे लोक मी पाहिलेत. असं केलं की पुढच्या वेळी फ्यूजच्या जागी वायर उडते.

माझ्या गाडीत आता बॅटरीवरून जादा अशी एकच जाड वायर निघते. तिच्यावर मुख्य फ्यूज, तिथून ती आत येते आणि डाव्या बाजूच्या पॅनेलखाली एका झाकणाच्या फ्यूज बॉक्समध्ये शिरते. तिथून प्रत्येक कामाला स्वतंत्र वाट आणि स्वतंत्र फ्यूज: बंपरचे दिवे, मागचा दिवा, बाजूचा दिवा, चार्जिंग, वाळवणीचा डबा (त्याचं पुढे सांगते). हवेच्या पंपाची जाड वायर मुख्य फ्यूजच्या पुढूनच वेगळी फुटते, तिचा फ्यूज वेगळा. कंपनीच्या वायरिंगला कुठेही कापलेलं नाही. मुख्य फ्यूज काढला की मी घातलेलं सगळं मरतं आणि गाडी पूर्वीसारखी कंपनीची उरते. रानात काही बिनसलं तर निवाडा करायला ही एक जागा पुरते: मुख्य फ्यूज काढ, गाडी सुरू होते का बघ. झाली तर दोष आपला, नाही झाली तर तिचा.

दिव्यांना रिले लावले. रिलेचं काम साधं आहे: डॅशबोर्डवरच्या बारीक बटणातून फक्त रिलेच्या कॉइलचा करंट जातो, साधारण दीडशे मिलिअँपिअर, दिव्याचा जड करंट बॅटरीकडून रिलेमार्गे परस्पर दिव्याला. पायांवर आकडे छापलेले असतात. ८५ आणि ८६ कॉइलचे, ३० ला बॅटरी, ८७ ला दिवा. हे आकडे जगभर सारखे आहेत, त्यामुळे गगनबावड्याच्या दुकानात मिळालेला रिलेही माझ्या होल्डरमध्ये बसतो. निवड करताना मी हे एक पाहते: वस्तू जवळच्या तालुक्याच्या गावी मिळाली पाहिजे. परदेशी, महाग, सुंदर स्विच पॅनेल रानात तुटलं की त्याचा सुटा भाग कुरिअरने येईपर्यंत पावसाळा संपतो.

जोड कसे करायचे यावर गॅरेजवाल्यांत दोन तट आहेत. बरेच जण सोल्डरच्या बाजूचे, कारण सोल्डर केलेला जोड डोळ्यांना पक्का दिसतो. टेबलावरच्या रेडिओत तो पक्काच असतो. गाडीत मात्र वितळलेलं कथील तारांमधून वर चढतं, तेवढा भाग ताठ होतो, आणि जिथे ताठपणा संपून लवचिकपणा सुरू होतो तिथे धक्क्याने वायर तुटते. जांभ्याच्या वाटेवर गाडी दिवसभर थरथरत असते. म्हणून थिंबल घालून, योग्य मापाच्या क्रिम्पिंग पकडीने दाबून, वरून आतून डिंक असलेली हीट श्रिंक नळी. साध्या पकडीने चेपलेला थिंबल क्रिम्प नव्हे. दाबल्यावर ओढून बघायचा, सुटला तर आत्ताच सुटू दे. पकड चांगली घ्यावी. या कामात पैसा घालायचा झाला तर आधी पकडीत आणि मल्टिमीटरमध्ये घालावा, दिव्यात शेवटी.

आमच्याकडचा खरा शत्रू पाणी. कापडी टपाची थार पावसात आतूनही ओली होते, हे ज्यांच्याकडे ती आहे त्यांना सांगायला नको. घाटाखाली उतरलं की हवेतच मीठ. उघड्या तांब्याला महिन्याभरात हिरवा कळंक चढतो, तो आवरणाच्या आत वायरभर सरकत जातो आणि बाहेरून काही दिसत नाही. त्यामुळे बाहेरच्या दिव्यांना कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची वायर, रबरी सील असलेले कपलर, आणि प्रत्येक कपलरच्या अलीकडे वायरीला खाली एक झोळ. पाणी वायरीवरून ओघळत येतं आणि झोळाच्या तळाशी थेंब होऊन गळतं. झोळ नसेल तर तेच पाणी सरळ कपलरच्या तोंडात शिरतं. या झोळाला काही खर्च नाही, वीतभर जास्त वायर लागते एवढंच. कंपनीच्या वायरिंगमध्येही दरवाजांपाशी तो बघायला मिळतो.

ज्या कामासाठी हा सगळा खटाटोप सुरू केला, ते आता सांगते. वनस्पतीचा नमुना वर्तमानपत्राच्या घडीत दाबून वाळवतात. नीट वाळला तर तो हर्बेरियममध्ये शंभर-दोनशे वर्षं टिकतो आणि आपल्यानंतरचा माणूस त्यावर अभ्यास करू शकतो. पावसाळ्यात कागदच दमट असतात. रोज बदलले तरी तिसऱ्या दिवशी बुरशी, पाकळ्यांचा रंग काळपट. मुक्कामाच्या गावी वीज असेलच असं नाही. मला गाडीत वाळवणीचा डबा हवा होता.

हिशोब मांडल्यावर एक वाट लगेच बंद झाली. साठ वॅटचा बल्ब बारा व्होल्टवर पाच अँपिअर घेतो. रात्रभर, म्हणजे आठ तास पेटवला तर चाळीस अँपिअर-तास. गाडीची बॅटरी सत्तरच्या आसपासची, आणि सेल्फ मारण्यापुरता जोर शिल्लक ठेवायचा तर निम्म्याच्या खाली तिला नेता येत नाही. सकाळी गाडी सुरू झाली नसती. म्हणून डबा फक्त इंजिन चालू असतानाच चालेल असं ठरवलं. सड्यावरून मुक्कामी आणि मुक्कामावरून दुसऱ्या सड्याकडे, दिवसाला तीन-चार तास गाडी चालतेच. तेवढा वेळ डायनामोचा करंट फुकट आहे.

उद्यमनगरात पत्र्याचा डबा करून घेतला. खालच्या कप्प्यात गाडीचाच एक हेडलाइट बल्ब, वर बारीक जाळी, जाळीवर नमुन्यांची पेटी, आणि एका बाजूला संगणकात असतो तो बारा व्होल्टचा पंखा. नुसत्या उष्णतेने कागद तापतात पण ओल तिथेच घुटमळते. ती बाहेर घालवायला वारा लागतो. तापमान चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या वर गेलं तर पानं ठिसूळ होतात, म्हणून जाळीच्या वर थर्मोस्टॅट स्विच, जो ठरलेल्या तापमानाला आपोआप तुटतो आणि गार झाल्यावर जुळतो. तो बल्बच्या वाटेत न ठेवता रिलेच्या कॉइलच्या वाटेत ठेवला, म्हणजे त्याच्या नाजूक पत्तीतून जड करंट जात नाही. पंख्याला वेगळी वाट, बल्ब बंद झाला तरी पंखा फिरत राहतो. बल्ब आणि कागद एका डब्यात म्हणजे आगीशी खेळ, म्हणून त्या वाटेचा फ्यूज साडेसात अँपिअरचाच, आणि हात पुरेल तिथे अग्निशामक नळकांडं. कंदीलपुष्पाच्या जाड रसाळ देठालाही आता बुरशी धरत नाही. माझ्या दृष्टीने गाडीतली ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे.

डब्यासाठी चासीवर एक ब्रॅकेट वेल्ड करावा लागला. वेल्डिंगआधी बॅटरीची दोन्ही टोकं सोडायची, नाहीतर वेल्डिंगचा करंट इंजिनाच्या संगणकापर्यंत पोचू शकतो. सोडताना वजा आधी, जोडताना वजा शेवटी; अधिक टोकावरचा पाना चुकून पत्र्याला लागला तरी मग ठिणगी पडत नाही. आणि काम सुरू करण्यापूर्वी बांगडी, अंगठी, घड्याळ काढून खिशात. बारा व्होल्टचा झटका बसत नाही हे खरं, पण बॅटरी आणि पत्रा यांच्यात सापडलेली अंगठी क्षणात लाल होते.

दुसरी बॅटरी बसव, असं अनेकांनी सुचवलं. माझ्या एका सहकाऱ्याच्या गाडीत ती आहे, मध्ये व्होल्टेज पाहून जुळणारा-तुटणारा रिले आहे, फ्रीज आहे. त्याला तीन-तीन दिवस एका जागी राहायचं असतं, त्याला ती हवीच. (दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या केबलला दोन्ही टोकांना फ्यूज लागतो, कारण करंट दोन्हीकडून येऊ शकतो. हे बऱ्याच ठिकाणी राहून जातं.) मला कॅमेरा, जीपीएस आणि टॉर्च चार्ज करायचे असतात, त्याला एक बॅटरी पुरते. वीस किलो वजन आणि बिघडू शकणारी आणखी एक वस्तू गरजेशिवाय गाडीत घ्यायची नाही.

फ्यूज बॉक्सच्या झाकणावर आतून मी मराठीत नावं लिहिली आहेत: मागचा दिवा, बाजूचा दिवा, वाळवणी, चार्जिंग. वायरीच्या प्रत्येक टोकाला तेच नाव चिकटवून वर पारदर्शक हीट श्रिंक. प्लास्टिकच्या पाकिटात सगळ्या वायरिंगची हाताने काढलेली आकृती आणि प्रत्येक मापाचे दोन-दोन फ्यूज. चाचांनी आकृती पाहून मान डोलावली आणि एवढंच विचारलं, “तुम्ही नसला तर दुसऱ्याला कळतंय का?”

ते कळण्याची वेळ शाहूवाडीकडच्या एका सड्याखाली आली. परतताना सहकाऱ्याचा पाय शेवाळलेल्या दगडावरून सरकला आणि घोटा सुजला. अंधार पडत होता, पाऊस होता, आणि तो पाय टेकवू शकत नव्हता. मी त्याच्यापाशी थांबले. दुसरा सहकारी खालच्या वस्तीत गेला. तिथला आयटीआयला वायरमनचा कोर्स करणारा एक मुलगा त्याच्याबरोबर गाडीकडे आला. गाडी उतारावर लावून मागचा दिवा वर पायवाटेवर टाकायचा, म्हणजे उचलून आणणाऱ्यांना पाय कुठे टाकायचा ते दिसेल, असा त्यांचा बेत. दिवा लागेना. वाटेत करवंदीच्या जाळीने मागच्या दिव्याची वायर ओरबाडून काढली होती.

त्या मुलाने ती गाडी आयुष्यात पाहिलेली नव्हती. त्याने झाकण उघडलं, नावं वाचली, मागच्या दिव्याचा लाल, दहाचा फ्यूज काढून पाहिला. उडालेला. पाकिटातला दुसरा घातला, तोही लगेच उडाला. म्हणजे वायर पुढे कुठेतरी पत्र्याला लागते आहे, हे त्याला कळलं. त्याने तिसरा फ्यूज वाया घालवला नाही. मागच्या दिव्याचा कपलर सोडला आणि गाडी आडवी लावून बाजूचा दिवा पेटवला. वर आम्हाला अचानक सगळी पायवाट दिसली, दगड आणि दगड. वस्तीतल्या चौघांनी घोंगड्याची झोळी करून सहकाऱ्याला खाली आणलं. दुसऱ्या दिवशी मी पाहिलं तर ओरबाडलेल्या जागी तांबं बंपरला चिकटलेलं होतं, आणि वायरीचं आवरण कुठेही वितळलेलं नव्हतं. फ्यूजने आपलं काम केलं होतं. बाकीच्या वाटा वेगळ्या होत्या म्हणून एक दिवा गेल्याने दुसरा गेला नाही. आणि नावं लिहिलेली होती म्हणून पावसात, अंधारात, एका परक्या मुलाला ते सगळं दोन मिनिटांत वाचता आलं. स्वतः केलेलं वायरिंग चांगलं की वाईट, याची यापेक्षा वेगळी कसोटी मला मान्य नाही.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केलं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने पुढच्या लोखंडी गार्डवरही कारवाई करायला राज्यांना कळवलं. म्हणून मी मागची बाकं काढली नाहीत, आसनसंख्या बदलली असती. डबा बाकांच्या मध्ये बसतो. हेडलाइटला मूळचेच ६०/५५ वॅटचे बल्ब. टपावरची पट्टी काढूनच टाकली. जादा दिव्यांवर रस्त्यावर झाकणं असतात आणि ते फक्त रानात उघडतात. समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याला आंधळं करणारा दिवा मला बेकायदाच नव्हे, अमानुष वाटतो. विमा कंपनीला बसवलेल्या विजेच्या वस्तूंची यादी दिली; कंपनीने न बसवलेल्या वस्तूंसाठी जादा हप्ता भरून विमा घेता येतो, आयएमटी-२४ नावाची त्याची तरतूद आहे. आग लागल्यावर ही चर्चा करण्यापेक्षा आधी केलेली बरी.

तुमच्या गाडीत आधीच कुणी काही बसवलं असेल, तर येत्या रविवारी बॉनेट उघडा. बॅटरीच्या अधिक टोकाखालून निघणारी, कंपनीची नसलेली प्रत्येक वायर बोटाने धरून कुठे जाते ते बघा. वीतभर अंतरात फ्यूज दिसला नाही, तर ती वायर त्याच वेळी सोडून ठेवा आणि फ्यूज घातल्याशिवाय परत जोडू नका.